एमएचमध्ये (लष्करी रुग्णालयात) उपचार चुकले तर भरपाईचा अर्ज कुठे आणि कसा करायचा?

जुलै 2002. ऑपरेशन पराक्रम, म्हणजे पाकिस्तान सीमेवरची सैन्याची मोठी जमवाजमव, सुरू होतं. जम्मूकडच्या सांबा इथल्या लष्करी रुग्णालयात हवाई दलाच्या एका आजारी जवानाला रक्ताची एक पिशवी दिली गेली. 2014 साली तो पुन्हा आजारी पडला, तेव्हा तपासणीत एचआयव्ही निघाला. संसर्ग त्या एका पिशवीतून झाला, हे पुढे मेडिकल बोर्डानेही (लष्करी डॉक्टरांच्या तपासणी मंडळाने) मान्य केलं. तरी भरपाईसाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. 26 सप्टेंबर 2023 रोजी न्यायालयाने हवाई दल आणि लष्कर दोघांनाही जबाबदार धरलं आणि सुमारे 1 कोटी 54 लाख रुपये द्यायला लावले.

तरीही गावाकडे अजून ऐकू येतं, "एमएचला पैसे कुठं भरलेत? मग केस कशी करणार?" उपचार फुकट होते, पण ते नोकरीचा भाग म्हणून मिळाले होते. 1995 सालच्या वैद्यकीय सेवांवरच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ही गोष्ट वेगळी काढली. जिथे सगळ्यांनाच सरसकट मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय ग्राहक कायद्यात येत नाही. पण नोकरीच्या अटींनुसार मालक उपचाराचा खर्च उचलत असेल, तर ती सेवा कायद्यात येते. रेल्वेच्या रुग्णालयाबाबत 2007 साली न्यायालयाने हेच सांगितलं.

तक्रार जवान किंवा अधिकारी स्वतः करू शकतो. रुग्ण मूल असेल तर पालक, रुग्ण दगावला असेल तर कायदेशीर वारस. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे सभासद वर्गणी भरतात, त्यामुळे त्यांची बाजू उलट जास्त भक्कम.

तक्रार द्यायची जिल्हा ग्राहक आयोगात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने एक मोठी सोय केली आहे. घटना पठाणकोटला घडली असली तरी तुम्ही राहता सातारा जिल्ह्यात, तर तक्रार साताऱ्यात दाखल करता येते. कोणत्या आयोगात जायचं हे आता मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, सेवेसाठी दिलेल्या मोबदल्यावर ठरतं. मोबदला 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही. एमएचचं बिलच नसतं, तेव्हा सुरुवात जिल्ह्यातूनच. अर्ज ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन भरता येतो. सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो) म्हणून 'भारत सरकार, मार्फत सचिव, संरक्षण मंत्रालय' आणि संबंधित रुग्णालयाचे कमांडंट अशी नावं घालावीत. फक्त डॉक्टरचं नाव घालून मोकळे होऊ नका. त्याची बदली होते, सरकारची होत नाही.

मुदत दोन वर्षं, तक्रारीचं कारण घडल्यापासून. उशीर झाला असेल तर तक्रारीसोबतच विलंब माफीचा अर्ज द्या आणि त्यात महिन्यागणिक कारणं लिहा. "ड्यूटीवर होतो" एवढ्या एका ओळीवर भागत नाही. पोस्टिंगचे आदेश, रुग्णालयात भरती असल्याच्या नोंदी जोडा.

आता कागदपत्रं. खरी लढाई इथेच होते. सांब्याच्या प्रकरणातही जवानाने माहिती अधिकारात जुने कागद मागितले, तर उपलब्ध नाहीत असं उत्तर आलं. म्हणून घरातली ती काळी ट्रंक, जिच्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर लिहिलेला असतो, ती आधी उघडा. लागतील ते असे: डिस्चार्ज स्लिप, केस शीटच्या प्रती, तपासण्यांचे अहवाल, ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट आणि संमतीपत्र, मेडिकल बोर्डाचे आणि रिलीज मेडिकल बोर्डाचे (सेवेतून बाहेर पडतानाच्या तपासणीचे) कागद, सेवेचा दाखला किंवा डिस्चार्ज बुक, ओळखपत्र, पगाराच्या स्लिप (नुकसानीचा हिशेब यावरच होतो), नंतर बाहेर केलेल्या उपचारांची बिलं. वारस असाल तर मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा.

नसलेले कागद रुग्णालयाकडे लेखी मागा आणि पोच घ्या. 2002 च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार भरती रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात आणि मागितल्यावर 72 तासांत द्यायच्या असतात. मिळाले नाहीत तर माहिती अधिकारात अर्ज, 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. "कागद उपलब्ध नाहीत" हे उत्तरही जपून ठेवा, तेही पुराव्यातच लावायचं.

तज्ज्ञ डॉक्टरचं मत मिळालं तर उत्तम. मात्र प्रत्येक प्रकरणात ते लागतंच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली सांगितलं आहे. चूक उघड्या डोळ्यांना दिसत असेल, तर ती झाली कशी हे रुग्णालयाने सांगायचं.

ग्राहक आयोगाऐवजी दिवाणी दावाही करता येतो. त्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली सरकारला दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. सरकारी रुग्णालय चालवणं हे सार्वभौम (फक्त सरकारच करू शकतं असं) काम नाही, त्यामुळे सरकारला अंग काढून घेता येत नाही, हा निकाल आपल्याच औरंगाबादच्या प्रकरणात 1996 साली लागला. 1963 मध्ये तिथल्या सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर एका बाईच्या पोटात टॉवेल राहिला होता, त्यात ती गेली. योगायोग असा की अमेरिकेतही एका सैनिकाच्या पोटात 30 इंच लांब टॉवेल निघाला होता, त्यावर लष्कराच्या वैद्यकीय विभागाचा शिक्काही होता. पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 1950 साली त्याला दावाच नाकारला. 2019 च्या तिथल्या एका कायद्याने थोडी वाट उघडली, तीही तिथल्या संरक्षण खात्याकडे अर्ज करण्यापुरती. तिथल्या कोर्टाचं दार बंदच आहे.

अपंगत्व पेन्शन ही वेगळी गोष्ट. ती नाकारली असेल तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जायचं. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे. पेन्शन मिळते म्हणून भरपाईचा हक्क जात नाही. सांब्याच्या प्रकरणात न्यायालयाने दोन्ही द्यायला सांगितलं.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा. जिल्हा आयोगाचा निकाल विरोधात गेला तर राज्य आयोगात अपिलाला 45 दिवस मिळतात. आणि तुमची पोस्टिंग लेहला असेल, तर सुनावणीला व्हिडिओ कॉन्फरन्सने हजर राहू द्यावं असा अर्ज पहिल्या तारखेआधीच देऊन ठेवा.