फ्लॅपी बर्ड निन्टेंडोच्या केसमुळे बंद पडला नाही
फ्लॅपी बर्ड या मोबाइल गेममधले हिरवे पाइप मारिओ गेममधल्यासारखे दिसतात म्हणून मारिओवाल्या निन्टेंडो या जपानी कंपनीने केस टाकली आन् फ्लॅपी बर्ड गेला, हे अजून फिरतंय. तसं काही नाहीये. गेम बनवला व्हिएतनाममधल्या हनोईच्या डाँग न्गुयेनने, दिवसा टॅक्सीच्या लोकेशन डिव्हाइसचं प्रोग्रामिंग आणि फावल्या वेळात गेम, तोही सुट्टीच्या काही दिवसांत. मे २०१३ला आला, कित्येक महिने कुणी विचारलंही नाही, मग जानेवारी २०१४ला एकदम पेटला, जाहिरातींचे रोजचे ५० हजार डॉलर वगैरे. फेब्रुवारीत त्याने स्वतःच काढून टाकला, कायदेशीर भानगड नाही असं त्याने ट्विटरवर लिहिलं, निन्टेंडोनेही केसची गोष्ट नाकारली. कारण त्याच्या मते एवढंच की लोकांना व्यसन लागलं होतं, आणि त्याची स्वतःची झोप उडाली होती.