इंग्रजी इडियमची (वाक्प्रचारांची) कार्डं नेताय? मग हा कागद पण वाचा

दुकानात रोज कोणीतरी येतंच, "दादा, पाचशे इडियमची पीडीएफ पाठवलीय, प्रिंट काढून स्पायरल करून द्या." देतो आम्ही, झेरॉक्सचाच धंदा आहे, नाही कशाला म्हणू. पण दोन महिन्यांनी तोच माणूस आठशे इडियमची पीडीएफ घेऊन येतो तेव्हा कळतं की आधीची पाचशे डोक्यात गेलेलीच नाहीत, रूमवर उशाला पडून आहेत. म्हणून आम्ही ही कार्डं काढली, पुढे इडियम आणि मागे अर्थ, आणि कार्डांबरोबर हा कागद देतोय, कारण नुसती कार्डं नेली तर तीही उशालाच जाणार.

आधी तुम्हाला याची गरज आहे का ते बघा. फक्त पोलीस शिपाई भरती करत असाल तर लेखीला इंग्रजी नाहीच, गणित, बुद्धिमत्ता, जीके आणि मराठी व्याकरण एवढंच, तर कार्डं घेऊ नका, ते पैसे मेसला द्या. एसएससी सीजीएल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकऱ्यांची परीक्षा, करणाऱ्यांचं वेगळं आहे. टियर वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, इंग्रजीचे 25 प्रश्न, प्रत्येकी 2 मार्क, चुकलं की अर्धा मार्क जातो, टियर टूला 45 प्रश्न, प्रत्येकी 3 मार्क आणि चुकला की पूर्ण 1 मार्क कट. 2023 च्या तलाठी भरतीत 100 पैकी 25 प्रश्न इंग्रजीचे होते, निगेटिव्ह नव्हतं. एमपीएससीला चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे पाव मार्क कापतात. या सगळ्यात इडियमचे प्रश्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच असतात हे आम्ही लपवत नाही. पण उताऱ्यावरच्या प्रश्नात वेळ जातो, ग्रामरमध्ये डोकं लावून काहीतरी निघतं, इडियम मात्र येत असलं तर दहा सेकंदात सुटतं आणि येत नसलं तर कितीही वेळ बघत बसा, सुटत नाही. वर न येणारंच येतंय असं वाटतं, ते जास्त डेंजर.

असं का वाटतं ते एका उदाहरणावरून बघा. 'कूल वन्स हील्स' विचारलंय आणि खाली चार पर्याय आहेत, टाचा थंड करणे, राग शांत करणे, पळून जाणे, ताटकळत बसणे. पहिला पर्याय शब्दाला शब्द, तो कोणी टिक करत नाही, तो नुसता जागा भरायला. दुसरा 'कूल' या शब्दावरून लावलेला सापळा, कारण 'कूल डाउन' आपण रोज बोलतो. तिसरा खरा बेरकी, कारण 'टेक टू वन्स हील्स' म्हणजे खरंच धूम ठोकणे, फक्त ते इडियम वेगळं. बरोबर उत्तर ताटकळत बसणे. आता ज्याने 'हील्स' असलेली सगळी इडियम अर्धवट पाठ केलीत तोच इथे जास्त फसतो, ज्याने एकही केलं नाही तो निदान सोडून तरी देतो. म्हणून आम्ही अशी भावंडं एकाच रंगाच्या कार्डांवर घेतलीत, कूल वन्स हील्स ताटकळणे, टेक टू वन्स हील्स पळ काढणे, हेड ओव्हर हील्स प्रेमात आकंठ बुडणे, डाउन अॅट हील कळकट फाटका अवतार, अकिलीज हील एकमेव कच्ची जागा. पाचही एका बैठकीत वाचायची, वेगवेगळ्या दिवशी नाही. 'अॅपल'चं पण तसंच, अॅपल ऑफ वन्स आय म्हणजे गळ्यातला ताईत, अॅपल ऑफ डिस्कॉर्ड म्हणजे भांडणाचं मूळ, अपसेट द अॅपल कार्ट म्हणजे ठरलेला बेत उधळून लावणे.

मराठीतली म्हण आधी आठवा

बाजारातल्या याद्यांमध्ये इंग्रजी इडियमचा अर्थ पुन्हा अवघड इंग्रजीतच दिलेला असतो, म्हणजे एक न समजलेलं पाठ करण्यासाठी दुसरं न समजलेलं पाठ करायचं. आमच्या कार्डाच्या मागे पहिल्या ओळीत मराठी वाक्प्रचार आहे, इंग्रजी अर्थ त्याच्या खाली. कट युअर कोट अकॉर्डिंग टू युअर क्लॉथ वाचलं की अंथरूण पाहून पाय पसरणे हे लहानपणापासून ऐकलेलंच असतं, त्यात पाठ काय करायचं. मेक अ माउंटन आउट ऑफ अ मोलहिल म्हणजे राईचा पर्वत, एम्प्टी व्हेसल्स मेक द मोस्ट नॉइज म्हणजे उथळ पाण्याला खळखळाट फार, अ बॅड वर्कमन क्वारल्स विथ हिज टूल्स म्हणजे नाचता येईना अंगण वाकडं, अ फेदर इन वन्स कॅप म्हणजे शिरपेचात तुरा, स्मेल अ रॅट म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय असं वाटणे. काही तर तिकडूनच आपल्याकडे आलेत आणि आपलेच होऊन बसलेत, सिंहाचा वाटा, मगरीचे अश्रू, पांढरा हत्ती, लालफितीचा कारभार, ही कार्डं एकदा वाचून बाजूला ठेवा, त्यावर वेळ घालवू नका.

आता जरा थांबून वाचा, कारण या पद्धतीचा तोटा पण आहे आणि तो सांगितला नाही तर तुम्ही परत येऊन आम्हालाच शिव्या घालाल. काही इडियम मराठीसारखी दिसतात आणि अर्थ भलताच असतो. पुल समवन्स लेग वाचलं की आपल्याला पाय ओढणे आठवतं, म्हणजे पुढे चाललेल्याला खाली खेचणे, खेकड्यांच्या गोष्टीतलं. पण इंग्रजीत त्याचा अर्थ फक्त गंमत करणे, टोपी उडवणे, त्यात वैर नाही. वॉश वन्स हँड्स ऑफ तर अजून वाईट. मराठीत हात धुऊन मागे लागणे म्हणजे पिच्छा न सोडणे, हात धुऊन घेणे म्हणजे संधी साधून फायदा उपटणे, आणि इंग्रजीतलं मात्र यातून अंग काढून घेणे, माझा संबंध नाही म्हणून मोकळं होणे. म्हणजे जवळजवळ उलटं. कोल्ड शोल्डर वाचून खांदा देणे आठवलं तर मग बोलायलाच नको, तिथे नुसतं तुटकपणे वागणे, टाळणे एवढाच अर्थ आहे.

तेलाचं उदाहरण आम्ही काउंटरवर सगळ्यांना सांगतो. अॅड फ्युएल टू द फायर म्हणजे आगीत तेल ओतणे, सोपं आहे. पण पोर ऑइल ऑन ट्रबल्ड वॉटर्स आलं की तेल दिसतं, ओतणं दिसतं, आणि हात आपोआप भांडण वाढवणे या पर्यायावर जातो. अर्थ नेमका उलटा, भांडण शांत करणे, कारण खवळलेल्या पाण्यावर तेल पसरलं की लाटा निवतात. आणि बर्न द मिडनाइट ऑइल यातलं तेल दिव्यातलं, रात्र रात्र जागून अभ्यास करणे. तेल एकच, काम तीन. याला चिकटून अजून एक, बर्न द कँडल अॅट बोथ एंड्स, हे पण पोरं जागून अभ्यास करणे म्हणूनच टिक करतात पण त्याचा अर्थ सकाळी लवकर रात्री उशिरा करत स्वतःला झिजवून घेणे. अशा फसव्या कार्डांच्या कोपऱ्यात लाल ठिपका आहे. वेळ कमी असला तर बाकी सोडा, लाल ठिपकेवाली तेवढी तरी करा.

ज्याला मराठी जोडी नाही त्याला गोष्ट जोडा

हा आमचा आवडता भाग आहे, थोडं लांबलं तर सांभाळून घ्या. मीट वन्स वॉटरलू म्हणजे कायमचा कंबरडं मोडणारा पराभव, 1815 मध्ये आत्ताच्या बेल्जियममध्ये वॉटर्लूला नेपोलियन हरला तिथून आलेलं. आपल्याकडे पानिपत होणे म्हणतात, 1761 चं पानिपत, अर्थ तोच. आणि गंमत बघा, वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन त्याच्या आधी बारा वर्षं आपल्याकडेच होता, 1803 मध्ये आत्ताच्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी तोच लढला होता, तेव्हा त्याचं नाव आर्थर वेलस्ली. इतिहासाचा पेपर करताना हे वाचलेलं असतंच, इथे फक्त जोडायचं. जालन्याकडचा पोरगा असला तर त्याला हे कार्ड परत दाखवायची गरजच पडत नाही.

पिरिक व्हिक्टरी पण तसंच. पिरस नावाचा राजा रोमनांशी लढाई जिंकला पण त्यात त्याचीच एवढी माणसं गेली की जिंकून उपयोग नाही. वाचल्या वाचल्या गड आला पण सिंह गेला आठवतं, 1670, कोंढाणा, तानाजी. लक्षात ठेवायला जोडी झकास आहे, पण आमचं मत विचाराल तर अर्थ शंभर टक्के जुळत नाही, आपल्यात हळहळ आहे आणि गड आला तो कामाचाच होता, पिरसच्या विजयात हिशोब आहे, तोट्यात गेलेला धंदा. पर्यायात 'फार मोठी किंमत मोजून मिळालेला विजय' असं काही दिसलं की टिक करा. क्रॉस द रुबिकॉन म्हणजे परत फिरता येणार नाही असं पाऊल उचलणे, ज्युलियस सीझरने इसवीसनापूर्वी 49 मध्ये सैन्य घेऊन ती नदी ओलांडली आणि मग यादवी युद्धाशिवाय रस्ताच उरला नाही, आपल्याकडे दोर कापणे म्हणतात आणि ते परत कोंढाण्यावरचेच.

विथ फ्लाइंग कलर्स यातले कलर्स म्हणजे रंग नाहीत हे खूप जणांना माहीत नसतं, ते जहाजावरचे झेंडे, लढाई जिंकून जहाज झेंडे फडकवत बंदरात शिरतं ते. हे एकदा कळलं की अटकेपार झेंडे आठवून घवघवीत यश हा अर्थ पक्का बसतो, आणि शो वन्स ट्रू कलर्स म्हणजे खरा झेंडा दाखवणे, खरं रूप बाहेर येणे, हे फुकटात मिळतं.

हॉब्सन्स चॉइस वर मात्र दरवेळी वाद होतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये केंब्रिजला हॉब्सन म्हणून एकजण घोडे भाड्याने द्यायचा, दाराजवळचा घोडा घ्या नाहीतर चालायला लागा. म्हणजे निवड दिसते पण निवड नाहीच. पोरं इथे इकडे आड तिकडे विहीर लिहितात. ते चूक, आड आणि विहीर हे दोन झाले, ते बिटवीन द डेव्हिल अँड द डीप सी. हॉब्सनकडे एकच घोडा.

कार्डं वापरायची कशी

डब्यात तीन कप्पे आहेत ते शोभेला नाहीत. 1970 च्या दशकात लाइटनर नावाच्या एका पत्रकाराने ही पद्धत लोकप्रिय केली, आम्ही शोधलेली नाही. सगळी कार्डं पहिल्या कप्प्यात ठेवायची, रोज वीस काढायची, इंग्रजी बाजू बघून अर्थ मोठ्याने बोलायचा आणि मगच उलटायचं. आलं तर कार्ड दुसऱ्या कप्प्यात, तो तीन दिवसांनी बघायचा, तिथेही आलं तर तिसऱ्यात, तो आठवड्याने. कुठेही चुकलं की कार्ड थेट पहिल्या कप्प्यात, दयामाया नाही. उलटायच्या आधी बोलायचं हे आम्ही परत सांगतोय कारण बहुतेक जण आधी उलटतात आणि "हां हां येत होतं" म्हणून पुढे टाकतात, मग परीक्षेत येत नाही. लायब्ररीत मोठ्याने बोलता येत नसेल तर कागदावर लिहा.

शब्द बदलायचा नाही हे पण लक्षात ठेवा. इलेव्हन्थ अवरला, म्हणजे अगदी शेवटच्या क्षणाला, ट्वेल्फ्थ अवर चालत नाही, आपण पण कंबर कसतो, पाठ कसत नाही, तसंच आहे ते. एरर शोधायच्या प्रश्नात नेमकं हेच विचारतात, मधला एखादा छोटा शब्द बदलून, म्हणजे अॅट डॅगर्स ड्रॉन (हाडवैर असणे) मधला अॅट काढून ऑन टाकतील. म्हणून कार्डावर अर्थाबरोबर एक पूर्ण वाक्य दिलंय, ते पण वाचा.

एका डब्यात 240 कार्डं आहेत, अजून घालता आली असती पण मग परत पीडीएफच झाली असती. मेसच्या टेबलावर ठेवलीत तर आमटी सांडते, त्याची जबाबदारी आमची नाही. पहिल्या छपाईत आमच्याकडून एक चूक झालीय, ईट हंबल पाय या कार्डाच्या मागे साधं जेवण करणे असं छापलं गेलंय. ते बरोबर नाही, चूक कबूल करून नमतं घेणे असं हवं. तुमच्या डब्यात ते कार्ड असेल तर दुकानात घेऊन या, नवीन देतो, पावती नसली तरी चालेल.