निर्णय साहाय्य प्रणालीतील प्रतिमाने व डेटाबेस यांची जोडणी

निर्णय साहाय्य प्रणाली ही ठरीव नियमांत पूर्णपणे न बसणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घेताना व्यवस्थापकाला मदत करणारी संगणकीय व्यवस्था आहे. नोंदी साठवणारा डेटाबेस आणि त्या नोंदींवरून अंदाज बांधणारी किंवा उत्तम पर्याय शोधणारी गणिती प्रतिमाने (मॉडेल) हे तिचे दोन आधार. त्यांच्यातला सांधा किती पक्का आहे, यावर प्रणालीचा खरा उपयोग ठरतो.

हे दोन्ही आधार वेगवेगळ्या घरांत वाढले. साठा किती मागवावा हे सांगणारे फोर्ड हॅरिस यांचे सूत्र १९१३ चे, मर्यादित साधनांतून उत्तम पर्याय शोधणारी जॉर्ज डँट्झिग यांची सिंप्लेक्स ही गणिती पद्धत १९४७ ची. एडगर कॉड यांनी संबंधात्मक डेटाबेसची, म्हणजे नोंदी परस्परांशी जोडता येणाऱ्या तक्त्यांत ठेवण्याची, मांडणी केली ती १९७० साली. गोरी आणि स्कॉट मॉर्टन यांनी १९७१ मध्ये अर्धसंरचित, म्हणजे नियमांत अर्धेच बसणाऱ्या, निर्णयांसाठी वेगळ्या प्रणालींची गरज दाखवली. पुढे स्प्रेग आणि कार्लसन यांनी १९८२ मध्ये डेटा, प्रतिमाने आणि वापरकर्त्याशी संवाद असे तीन घटक मानले. डेटाबेसची व्यवस्था पाहणारे सॉफ्टवेअर असते, तसेच प्रतिमानांचा संग्रह सांभाळणारे, ती एकमेकांना जोडणारे सॉफ्टवेअरही हवे, हा त्यांचा आग्रह होता.

सांधा कुठे निखळतो हे हॅरिस यांच्या सूत्रातच दिसते. वार्षिक मागणी, दर ऑर्डरचा खर्च आणि दोन यांचा गुणाकार करायचा, त्याला एका नगाच्या वार्षिक साठवणखर्चाने भागायचे आणि वर्गमूळ काढायचे. मागणी १२,००० नग, ऑर्डरचा खर्च ३०० आणि साठवणखर्च २० असेल, तर एका वेळी ६०० नग मागवावेत. पण डेटाबेसमधल्या ‘मागणी’ या रकान्यात महिन्याचा आकडा, म्हणजे १,०००, असेल तर तेच सूत्र सुमारे १७३ सांगते. गणित चोख, नोंदही खरी, तरी सल्ला चुकीचा. आणि पडद्यावर चुकीची एकही खूण उमटत नाही.

याहून फसवा प्रकार शून्यांचा. माल संपलेल्या दिवशी विक्री शून्य नोंदली जाते. प्रतिमान ते शून्य ‘कोणी मागितलेच नाही’ असे वाचते आणि पुढचा अंदाज खाली आणते. मग माल आणखी कमी येतो, आणखी शून्ये पडतात. म्हणून विक्रीबरोबर त्या दिवशीचा शिल्लक साठाही प्रतिमानापर्यंत पोहोचला पाहिजे. प्रत्येक रकान्याचे एकक, कालावधी आणि अर्थ लिहून ठेवणारा डेटा शब्दकोश माझ्या मते सूत्रापेक्षाही महत्त्वाचा आहे.

जोडणीचे तांत्रिक मार्ग अनेक आहेत. फाइल काढून प्रतिमानाला देणे सर्वांत सोपे, पण ती काढल्या क्षणापासून जुनी होऊ लागते. डेटा वेअरहाउसमध्ये निरनिराळ्या विभागांच्या नोंदी एका अर्थावर आणून प्रतिमानांना पुरवल्या जातात. डेटा प्रचंड असेल तर तो हलवण्यापेक्षा गणनाच डेटाबेसच्या आत चालवणे परवडते.

व्यवस्थापकाला मात्र ‘असे केले तर काय?’ हे विचारता यायला हवे. त्यासाठी त्याने बदललेली गृहीतके मूळ नोंदींना न लावता स्वतंत्र परिस्थिती म्हणून साठवतात. उत्तरासोबत प्रतिमानाची आवृत्ती, गृहीतके आणि डेटाची तारीखही जपून ठेवतात. त्यामुळे सहा महिन्यांनी ‘तेव्हा हा आकडा का आला होता?’ या प्रश्नाचा माग काढता येतो.