देशांतर्गत रोमिंग : छोट्या कंपन्यांचा प्रवेशहक्क

ज्या ठिकाणी एखाद्या मोबाइल कंपनीचा स्वतःचा टॉवर नाही, तेथे तिच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून सेवा मिळणे म्हणजे रोमिंग. हे परदेशात घडले तर आंतरराष्ट्रीय, देशातच पण दुसऱ्या सर्कलमध्ये (म्हणजे दूरसंचार परवान्यांसाठी पाडलेल्या दुसऱ्या विभागात) घडले तर राष्ट्रीय आणि आपल्याच सर्कलमध्ये घडले तर सर्कलअंतर्गत रोमिंग. पहिल्या दोन प्रकारांत सेवा देणारी कंपनी बहुधा प्रतिस्पर्धी नसते. तिसऱ्यात मात्र असते आणि वाद तिथूनच सुरू होतो. ज्याचे गिऱ्हाईक ओढायचे त्याच्याच गिऱ्हाइकाला आपली रेंज का द्यायची, हा मोठ्या कंपनीचा प्रश्न. त्यावर छोट्या कंपन्यांची मागणी अशी, की रोमिंग देणे कायद्याने बंधनकारक करावे आणि त्याचा घाऊक दर, म्हणजे एका कंपनीने दुसरीला द्यायचा दर, नियामकाने ठरवावा, निदान तपासावा तरी.

सातारा जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवला की ही मागणी समजायला सोपी जाते. पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने शिरवळ, सातारा, उंब्रज, कराड असा पट्टा धरला तर तिथे कुठल्याही कंपनीला टॉवर उभारणे परवडते, कारण वस्ती दाट आहे आणि वाहतूक अखंड. पश्चिमेला वळून पाटण, जावळी, महाबळेश्वर तालुक्यांत शिरले की चित्र पालटते. कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या पलीकडची कांदाटी खोऱ्यातील गावे डोंगराच्या कुशीत विखुरलेली आहेत आणि बामणोली-तापोळ्याहून तिकडे जायला लाँच लागते. मोबाइलच्या लहरी डोंगर भेदून जात नाहीत, त्यामुळे एका खोऱ्याचा टॉवर शेजारच्या खोऱ्याच्या उपयोगाचा नसतो. त्यात कोयना अभयारण्य आणि २०१० मध्ये घोषित झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. वीज, रस्ता आणि वनखात्याची परवानगी या तिन्ही गोष्टी जमल्या तर तिथे एक टॉवर उभा राहतो. दुसऱ्या कंपनीचा दुसरा टॉवर त्याच गावासाठी उभा राहील, ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. म्हणजे अशा गावात स्पर्धा हवी असेल तर ती एकाच टॉवरवर झाली पाहिजे. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्याचा चांदोलीकडचा भाग याच जातीचा.

गंमत अशी, की साताऱ्यात ‘रोमिंग’ हा शब्द आधी कळला तो डोंगरामुळे नव्हे, मुंबईमुळे. दूरसंचार परवान्यांच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा येतो, मुंबई येत नाही. मुंबई आणि नवी मुंबई हे स्वतंत्र सर्कल. त्यामुळे पाटण-जावळीतून माथाडी कामासाठी वाशीच्या बाजारात गेलेला माणूस गावाकडचे सिम घेऊन उतरला की राज्यातच राहूनही रोमिंगवर जायचा आणि घरचा फोन उचलला तरी त्याचेच पैसे कापले जायचे. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ‘ट्राय’ने, रोमिंगमध्ये येणाऱ्या कॉलची कमाल मर्यादा २००७ मध्ये मिनिटाला १ रुपया ७५ पैसे, २०१३ मध्ये ७५ पैसे आणि २०१५ मध्ये ४५ पैसे अशी खाली आणली. मिस्ड कॉल देऊन निरोप पोचवण्याची कला याच काळात बहरली. जत तालुक्याच्या पूर्व टोकाला घरात बसूनही हाच भुर्दंड पडे. फोनने सीमेपलीकडचा कर्नाटकचा टॉवर पकडला की झाले रोमिंग सुरू. मग सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क हाताने निवडायचे.

हे ग्राहकाकडून घेतले जाणारे किरकोळ दर. या नोंदीचा विषय त्यामागचा घाऊक दर आहे, जो ग्राहकाला कधी दिसत नाही. फोन परक्या टॉवरला लागला की तो टॉवर सिमवरील क्रमांकावरून मूळ कंपनी ओळखतो आणि तिच्या ग्राहक-नोंदवहीला विचारतो : हा माणूस तुमचाच का, याला सेवा द्यायची का? दोन्ही कंपन्यांत करार असेल तर होकार येतो, फोनवर पाहुण्या जाळ्याचे नाव झळकते आणि महिनाअखेरीस मिनिटे व मेगाबाइट मोजून एक कंपनी दुसरीला बिल लावते. करार नसेल तर पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ एवढेच उमटते. ही ओळ नीट वाचण्यासारखी आहे. टॉवर आहे, लहरी फोनपर्यंत पोचत आहेत, ११२ लावला तर लागेलही. अडले आहे ते फक्त दोन कंपन्यांच्या कागदावर.

रोमिंग आणि आंतरजोडणी यांत गल्लत होते. एका कंपनीच्या फोनवरून दुसऱ्या कंपनीच्या फोनला कॉल लागणे ही आंतरजोडणी. भारतात ती परवान्यानेच बंधनकारक आहे. २०१६ मध्ये नवागत जिओला पुरेशी जोडणी दिली नाही म्हणून एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंड करण्याची शिफारस ट्रायने केली होती. रोमिंगला असे संरक्षण नाही. करार करायला मुभा आहे, सक्ती नाही, आणि दर दोघांनी बसून ठरवायचा. बलवान आणि दुबळा बसून ठरवतात तेव्हा दर कोणाच्या मनासारखा ठरतो, ते ऊस आणि कारखाना पाहिलेल्या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको.

सक्तीच्या बाजूचा युक्तिवाद वर आलाच आहे. विरुद्ध बाजूही कच्ची नाही. ज्याने डोंगरात डिझेल वाहून नेऊन टॉवर चालवला, त्याची ‘आमची रेंज सगळीकडे’ हीच विक्रीची जमेची बाजू असते. तीच प्रतिस्पर्ध्याला स्वस्तात मिळू लागली तर पुढचा टॉवर कोणीच उभारणार नाही. प्रत्येक जण दुसऱ्याची वाट पाहील. म्हणून सगळा प्रश्न शेवटी दरावर येतो. दर फार कमी ठेवला तर बांधणाऱ्याचे नुकसान, फार जास्त ठेवला तर हक्क कागदावरच.

अमेरिकेत ग्रामीण भागातील छोट्या कंपन्यांनी हा लढा सर्वांत चिकाटीने लढवला. तेथील फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने २००७ मध्ये व्हॉइस कॉलसाठी रोमिंग देणे बंधनकारक केले, पण एक पाचर मारून ठेवली : जिथे छोट्या कंपनीकडे स्वतःचे स्पेक्ट्रम, म्हणजे लहरी वापरण्याचा हक्क, आहे तिथे तिने रोमिंग मागू नये. स्पेक्ट्रम असणे आणि टॉवर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पटायला तीन वर्षे गेली आणि २०१० मध्ये ही अट काढली गेली. २०११ मध्ये डेटा रोमिंगचाही नियम आला, मात्र तो सौम्य होता. व्हॉइससाठी दर ‘न्याय्य आणि वाजवी’ हवा, डेटासाठी अटी ‘व्यापारीदृष्ट्या वाजवी’ असल्या की पुरे. व्हेरायझन ही बडी कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली. डिसेंबर २०१२ मध्ये अपील न्यायालयाने नियम कायम ठेवला. तरीही अडचण संपली नाही, कारण करार झाला तरी फोन जुळावा लागतो. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरींच्या पट्ट्यात एटी अँड टी या दुसऱ्या बड्या कंपनीचे फोन बँड १७ या उपपट्ट्यावर चालत आणि शेजारचे स्पेक्ट्रम घेतलेल्या छोट्या कंपन्या बँड १२ वर. दोन्हींचा मेळ घालण्याचे २०१३ मध्ये मान्य झाले.

कॅनडाने २०१५ मध्ये बेल, रॉजर्स आणि टेलस या तीन बड्या कंपन्यांचे घाऊक रोमिंग दर नियंत्रणाखाली आणले. ऑस्ट्रेलियाच्या स्पर्धा आयोगाने मात्र १९९८, २००५ आणि २०१७ असे तीनदा सक्ती नाकारली. विस्तृत आणि विरळ प्रदेशात रेंजचा विस्तार हीच कंपन्यांमधील स्पर्धा आहे, ती मारू नये, असा तिथला सूर.

भारतातील सर्वांत मोठा खटला छोट्यांचा नव्हे, बड्यांचाच झाला, आणि त्यात महाराष्ट्र सर्कल मध्यभागी होते. २०१० च्या थ्रीजी लिलावात सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले, पण एकाही खाजगी कंपनीला सर्व २२ सर्कल घेता आली नाहीत. महाराष्ट्रात थ्रीजी स्पेक्ट्रम टाटा, व्होडाफोन आणि आयडियाला मिळाले. एअरटेल रिकाम्या हाताने राहिली. मग एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांनी आपसांत सर्कलअंतर्गत रोमिंगचे करार केले. ज्याच्याकडे जिथे थ्रीजी नाही, त्याने तिथे दुसऱ्याचे वापरायचे. दूरसंचार विभागाने याला आक्षेप घेतला : स्पेक्ट्रम न घेता नवे ग्राहक जोडून सेवा विकणे हे रोमिंग नव्हे, मागल्या दाराने घेतलेला परवाना आहे. डिसेंबर २०११ मध्ये सेवा थांबवण्याचा आदेश निघाला आणि पुढे सर्कलमागे ५० कोटी या हिशेबाने दंड. एअरटेलवर सात सर्कलसाठी ३५० कोटी, त्यांत महाराष्ट्र एक. लिलावापूर्वीच्या प्रश्नोत्तरांत विभागानेच रोमिंगला होकार दिला होता, हे कंपन्यांचे उत्तर. दूरसंचार वाद निवारण न्यायाधिकरणात, म्हणजे ‘टीडीसॅट’मध्ये, २०१२ साली दोन सदस्यांची मते फुटली, अखेर २९ एप्रिल २०१४ रोजी आदेश आणि दंड दोन्ही रद्द झाले. विभागाचा मुद्दा सर्वस्वी पोकळ नव्हता, पण प्रश्नोत्तरांत एक बोलायचे आणि पैसे जमा झाल्यावर दुसरे, हे टिकण्यासारखे नव्हतेच.

निकालाने रोमिंग करण्याची मुभा पक्की झाली. मागण्याचा हक्क त्यातून निघाला नाही. तोवर ज्यांना तो हवा होता अशा कंपन्या एकेक करून मावळतही होत्या. युनिनॉर महाराष्ट्र सर्कलमध्ये स्वस्त दरांवर उतरली होती. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले, त्यांत तिचेही गेले. लिलावातून ती परतली, टेलिनॉर या नावाने चालली आणि २०१८ मध्ये एअरटेलमध्ये विलीन झाली. आज सर्कलमध्ये जिओ, एअरटेल, व्ही (व्होडाफोन-आयडिया) आणि सरकारी बीएसएनएल एवढीच नावे उरली आहेत. त्यामुळे भारतात रोमिंगसाठी हात पसरणारी ‘छोटी’ कंपनी कोण, या प्रश्नाचे उत्तर कित्येकदा सरकारी कंपनी असे येते.

सक्तीला सर्वांत जवळ जाणारी भारतीय व्यवस्था १७ जानेवारी २०२५ रोजी सुरू झाली. डिजिटल भारत निधीतून, म्हणजे सार्वजनिक पैशातून, उभारलेल्या फोरजी टॉवरवर बीएसएनएल, एअरटेल आणि रिलायन्स जिओ यांचे ग्राहक एकमेकांची सेवा वापरू शकतील, असे ठरले. एकूण २७,८३६ ठिकाणे आणि ३५,४०० हून अधिक गावे तिच्या कक्षेत आणण्यात आली. तत्त्व साधे आहे : बांधकामाला लोकांचा पैसा लागला, तर ‘मी गुंतवले, मी का वाटू’ हा युक्तिवाद उरत नाही. कंपनीने स्वतःच्या पैशाने बांधलेला टॉवर या व्यवस्थेत येत नाही. शिवाय ती फोरजीपुरती आहे, म्हणून जुना टूजी बटणांचा फोन वापरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तिचा उपयोग नाही.

आपत्तीच्या वेळी मात्र मुभेचे तात्पुरत्या सक्तीत रूपांतर होते. मे २०१९ मध्ये ओडिशात फनी चक्रीवादळ आले तेव्हा कंपन्यांनी सर्कलअंतर्गत रोमिंग खुले केले होते. ज्याचा टॉवर जिवंत, त्याच्यावर सगळ्यांचे फोन. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली होती, जिथे धोक्याची खूण ४५ फुटांवर आहे. पुरात टॉवर पडत नाहीत, मुके होतात. आधी वीज जाते, मग बॅटरी उतरते आणि जनित्राला लागणारे डिझेल पाण्यातून पोचत नाही. एका गावात तीन कंपन्यांचे टॉवर असले तर तिघांचे इंधन बहुधा एकाच वेळी संपत नाही, आणि रोमिंग खुले असेल तर उरलेल्या टॉवरवर सगळ्यांचे फोन चालू शकतात.