ईमॅक्समधला बफर आणि डिस्कवरची फाइल

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर (मजकूर लिहिण्या-बदलण्याचा प्रोग्राम) नव्याने उघडणाऱ्याचा पहिला घोळ कळफलकाचा असतो, दुसरा बफरचा. कळा आठवडाभरात बोटांत बसतात. बफरचा घोळ मात्र टिकतो, आणि मजकूर घालवतो तो हाच.

फाइल डिस्कवर असते. बफर म्हणजे ईमॅक्सने मेमरीत धरलेला मजकूर. पडद्यावर दिसतो आणि तुम्ही बदलता तो नेहमी बफर असतो. कंट्रोल-एक्स कंट्रोल-एफ (फाइल उघडण्याची आज्ञा) देऊन नसलेल्या फाइलचं नाव टाकलंत तर ईमॅक्स तक्रार करत नाही. त्या नावाचा रिकामा बफर मिळतो, फाइल मात्र डिस्कवर कुठेच नसते. ती तयार होते कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस (सेव्ह) दाबल्यावर. नावात टायपो झाला तरी असाच रिकामा बफर दिसतो आणि ‘फाइल पुसली गेली’ म्हणून बोंब होते.

कोणती अवस्था आहे ते खालच्या पट्टीच्या, म्हणजे मोड-लाइनच्या, डाव्या टोकाला दिसतं. दोन आडव्या रेघा म्हणजे सेव्ह न केलेलं काही नाही, दोन चांदण्या (**) म्हणजे बदल अजून मेमरीतच, दोन टक्क्यांची चिन्हं म्हणजे बफर फक्त वाचायचा.

फाइलशी जोडलेला बफर कंट्रोल-एक्स के ने बंद करताना बदल बाकी असतील तर ईमॅक्स विचारतो. सुरुवातीला उघडतो तो ‘स्क्रॅच’ बफर कुठल्याच फाइलशी जोडलेला नसतो, म्हणून तो न विचारताच जातो. त्यात कामाचं काही लिहिलंत तर लगेच कंट्रोल-एक्स कंट्रोल-डब्ल्यू दाबून फाइलचं नाव द्या.

दर 300 कळांनंतर, किंवा साधारण 30 सेकंद हात थांबला की, ईमॅक्स बदललेल्या बफरची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. तिच्या नावाच्या दोन्ही टोकांना # असतो. मूळ फाइलला तो हात लावत नाही, त्यामुळे याला ‘आपोआप सेव्ह’ समजू नका. वीज गेली तर ऑल्ट-एक्स, मग रिकव्हर-फाइल, आणि # शिवायचं मूळ नाव. मजकूर बफरमध्ये परत येतो. तो फाइलमध्ये जायला पुन्हा कंट्रोल-एक्स कंट्रोल-एस लागतंच. नावाच्या शेवटी ~ असलेली फाइल निराळी: ती पहिल्या सेव्हच्या आधीची जुनी प्रत.

उलटंही घडतं. बफर उघडा असताना गिट पुलने (दुसरीकडचे बदल आणणाऱ्या आज्ञेने) फाइल बदलली, तर बफरमध्ये जुनाच मजकूर राहतो. टाइप करायला गेलात की ईमॅक्स अडवून विचारतो. तुमचे बदल नसतील तर आर दाबा, नवा मजकूर येईल. सेव्ह न केलेले बदल आधीच असतील तर ईमॅक्स टाइप करताना नाही, सेव्ह करताना विचारतो. तेव्हा नकार देऊन आधी ऑल्ट-एक्सने डिफ-बफर-विथ-फाइल चालवा आणि फरक पाहा. ग्लोबल-ऑटो-रिव्हर्ट-मोड चालू ठेवलात तर न बदललेले बफर आपोआप ताजे होतात, अर्धवट काम असलेल्यांना तो धक्का लावत नाही. हा मोड मुळातच चालू का नसतो, हे कोडंच आहे.