कागदावर २४, हातात १७: अल्टो के१० चं ॲव्हरेज आणि घाटातली ताकद

चिपळूणच्या आमच्या गॅरेजतर्फे ग्राहकांसाठी

गाडी सर्व्हिसिंगला सोडताना निम्मे लोक जाता जाता सांगतात, "आणि जरा ॲव्हरेजचं बघा." काउंटरवर उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हे पत्रक. ते मुख्यतः २०२२ मध्ये आलेल्या नव्या अल्टो के१० साठी लिहिलं आहे. त्याच सुमाराच्या वॅगन आर १.०, सेलेरिओ आणि एस-प्रेसो यांनाही तेच ९९८ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, त्यामुळे त्यांच्या मालकांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

कंपनीचा आकडा खोटा आहे का?

नाही. के१० चा आकडा मॅन्युअलला लिटरला २४.३९ किलोमीटर, ऑटो गिअरला २४.९० आणि सीएनजीला किलोला ३३.८५ असा आहे. हे एआरएआय (गाड्यांची चाचणी घेणारी संस्था) पद्धतीचे आकडे आहेत आणि त्यांची चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर चढवतात आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे वीसेक मिनिटं चालवतात. एसी बंद असतो आणि वेग ताशी ९० च्या वर जात नाही. त्या रोलरवर परशुराम घाट नसतो, गणपतीच्या आदल्या दिवशीचा मुंबई-गोवा हायवे नसतो, मागच्या सीटवर तिघं आणि डिकीत तांदळाची गोणीही नसते. दोन गाड्या एकाच तराजूत तोलता याव्यात एवढ्यासाठी तो आकडा असतो. शेवटच्या बीएस-६ अल्टो ८०० चा आकडा २२.०५ होता. म्हणजे नव्या गाडीचं इंजिन मोठं असूनही ती कमी पिते, हे त्यावरून कळतं. तुमच्या हातात किती पडेल, हे त्यावरून कळत नाही.

आमचं मत विचाराल तर, गावात एसी लावून १५ ते १८ आणि हायवेवर ८० च्या आत चालवून २० ते २३ पडत असेल, तर गाडीला काही झालेलं नाही. तिच्यावर पैसे घालू नका.

आधी नीट मोजा

पाचशेचं पेट्रोल टाकून, काटा कुठे येतो ते बघून काढलेलं ॲव्हरेज आम्ही धरत नाही. टाकी ऑटो कटपर्यंत, म्हणजे नोझल आपोआप बंद पडेपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्यावर आणा आणि नेहमीसारखी गाडी चालवा. पंधरा लिटर तरी जळलं पाहिजे (टाकी २७ लिटरची आहे). मग त्याच पंपावर, जमलं तर त्याच नोझलला, पुन्हा ऑटो कटपर्यंत भरा. ट्रिपचे किलोमीटर भागिले दुसऱ्यांदा भरलेले लिटर. पंधरा लिटरचं कारण असं, की ऑटो कट दरवेळी नेमक्या त्याच पातळीला पडत नाही. अर्ध्या लिटरचा फरक पाच लिटरच्या हिशेबात दहा टक्के होतो, पंधराच्या हिशेबात तीनच टक्के. मीटरवर दिसणारं ॲव्हरेज हा गाडीचा अंदाज असतो. तो आज-कालची तुलना करायला ठीक, भांडायला नाही.

टायर बदलले असतील तर तेही सांगा. के१० चा मूळ टायर १४५/८० आर१३. "जरा रुंद बरं दिसतं" म्हणून १५५/८० टाकला की चाकाचा घेर जवळपास तीन टक्क्यांनी वाढतो. मीटर १०० किलोमीटर दाखवतं तेव्हा गाडी १०३ च्या आसपास गेलेली असते, आणि तुमच्या हिशेबात तेवढं ॲव्हरेज उगाच पडतं. रुंद टायर जड असतो, त्याचा थोडा खरा तोटा वेगळाच.

घाट: लोक गाडी वरच्या गिअरात ओढतात

इथे मात्र सविस्तर लिहितो, कारण आमच्याकडच्या क्लच प्लेटची निम्मी कामं इथूनच येतात.

के१० ची ताकद ६७ पीएस (म्हणजे जवळपास तेवढे हॉर्सपॉवर), पण ५,५०० आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्यांना. टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, ८९ न्यूटन-मीटर, तो ३,५०० ला. आता कराडच्या वाटेवरचा कुंभार्ली घाट चढताना "ॲव्हरेज पडेल" म्हणून कुणी तिसऱ्या गिअरात २,००० वर गाडी ओढत असेल, तर त्या क्षणी इंजिनाकडे २५ पीएसहून जास्त नसतेच. हे साधं गणित आहे, टॉर्क गुणिले फेरे. आत चार माणसं आणि एसी चालू. मग ॲक्सिलरेटर तळाला जातो, इंजिन धडधडतं, गाडी पुढे जात नाही आणि शेवटी हाफ क्लच. एवढं करून पेट्रोलही वाचत नाही, कारण पूर्ण उघड्या ॲक्सिलरेटरवर कॉम्प्युटर मिश्रण घट्ट करतो, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त देतो.

हे इंजिन फिरायला बनवलेलं आहे. वळणाच्या आधीच दुसरा गिअर टाका आणि तीन ते चार हजारांत ठेवा. आरपीएमचा काटा नसेल तर कान आहेत: आवाज चढा पण सलग असेल तर ठीक, धडधड जाणवली तर गिअर उतरवा. ओव्हरटेकआधी एसी बंद केलात तर एवढ्या छोट्या इंजिनात फरक लगेच पायाला कळतो.

चढाला पेट्रोल लागणारच. माणसांसकट १,०५० किलोची गाडी ६०० मीटर उंच न्यायची, तर नुसतं ते वजन वर उचलायला साधारण पाऊण लिटर पेट्रोल जातं. हवेचा अडथळा, टायर, एसी हे सगळं वर. कुठलंही सर्व्हिसिंग हे वाचवू शकत नाही. कराडला जाऊन आल्यावर "तेवढ्याच किलोमीटरला रत्नागिरीपेक्षा जास्त प्यायली" अशी तक्रार आली, तर आमच्याकडे यावर उत्तर एवढंच.

उतारावर मात्र थोडं परत मिळवता येतं, आणि नेमकं तिथेच लोक उलटं करतात. गाडी न्यूट्रल करून सोडतात, काही जण तर चावीच बंद करतात. हे कार्ब्युरेटरच्या जमान्यातलं शहाणपण आहे. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असेल आणि ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असेल, तर कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. त्या वेळात पेट्रोल शून्य. न्यूट्रलला टाकलं की इंजिनाला चालू राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलला टाकून तुम्ही पेट्रोल जाळता आणि इंजिनाचा ब्रेकही घालवता. चावी बंद केली तर चार-दोन दाबांत ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि लॉकही पडू शकतं. ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा.

ऑटो गिअरवाल्यांसाठी एक: तुमच्या गाडीतही साधी क्लच प्लेटच आहे, ती दाबायला फक्त यंत्र आहे. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी रोखून धरू नका, हॅण्डब्रेक ओढा. घाटात मॅन्युअल मोड वापरा.

हायवे

हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तो दीडपटीहून जास्त होतो. चौपदरी झाल्यापासून ॲव्हरेज पडल्याच्या तक्रारी ऐकतो, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. रस्ता सुधारला, वेग वाढला.

ई२० पेट्रोल

ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. याबद्दल रोज विचारणा होते. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, तेव्हा थोडा फरक पडणारच. इथेनॉल मिश्रणाच्या २०२१ च्या सरकारी आराखड्यातच, ई० साठी बनवून ई१० ला जुळवलेल्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि ई१० साठी बनवून ई२० ला जुळवलेल्यांना १ ते २ टक्के घट धरली आहे. म्हणजे १८ देणारी जुनी गाडी १७ वर आली तर त्यात नवल नाही. पण १८ ची १३ झाली असेल, तर इथेनॉलला दोष देऊन घरी बसू नका, गाडी घेऊन या. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर सर्व्हिसिंगच्या वेळी पेट्रोलचे रबरी पाइप आम्ही बघून देतो.

सीएनजी

३३.८५ हा आकडा मोठा वाटतो, पण तो किलोचा आहे. एक किलो सीएनजीत जवळपास दीड लिटर पेट्रोलएवढी ऊर्जा असते. इंजिन जास्त हुशार झालेलं नसतं, मापात माल जास्त असतो. बचत होते ती दराच्या फरकामुळे. बदल्यात ताकद ५७ पीएसवर येते, डिकी जाते आणि टाकीचं वजन कायम सोबत राहतं. रोज सपाटीला फिरणाऱ्याने जरूर घ्यावी. आठवड्याला कुटुंबासकट घाट चढणाऱ्याने आधी एकदा चढवून बघावी.

गाडीत खरंच बिघाड असेल तर

पहिलं बघतो ते ब्रेक. कोकणातल्या पावसाळ्यात कॅलिपरच्या पिना गंजतात, चार दिवस हॅण्डब्रेक ओढून उभी ठेवलेली गाडी मागून चिकटते, आणि मालक ब्रेक लावलेली गाडी महिनाभर चालवत राहतो. घरी बघायचं तर दहा किलोमीटर फिरून आल्यावर चारही चाकांजवळ हात न्या (रिमला लावू नका, भाजेल). एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलेलं असेल तर सापडलं.

दुसरा थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. गाडी तापते म्हणून कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. मग इंजिन कधी पुरतं गरम होत नाही, कॉम्प्युटरला ते थंडच वाटतं आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. असा काढलेला व्हॉल्व्ह बसवला की ॲव्हरेज सुधारतं, आणि खर्चही किरकोळ. घर ते बाजारपेठ दोन किलोमीटर एवढंच रोज चालणाऱ्या गाडीचंही असंच होतं, पण तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

मग टायरची हवा, थंड टायरला, ड्रायव्हरच्या दारावरच्या स्टिकरप्रमाणे. ऑइल पुस्तिकेतल्या पातळ ग्रेडचंच. "जुनी झाली, जरा जाड टाका" म्हणून २०डब्ल्यू-५० मागू नका. प्लग आणि ऑक्सिजन सेन्सर स्कॅनरवर बघतो. एअर फिल्टर तुंबला की पिकअप जातो, ॲव्हरेजवर मात्र आताच्या गाड्यांत फारसा परिणाम होत नाही. तो वेळेवर बदलाच, पण चार किलोमीटर वाढतील ही आशा ठेवू नका. पेट्रोलच्या पाइपला लावायची लोहचुंबकं आणि टाकीत ओतायच्या बाटल्या आम्ही विकत नाही.

येताना काय आणाल

वर सांगितल्याप्रमाणे भरलेल्या दोन टाक्यांचे किलोमीटर आणि लिटर कागदावर लिहून आणा, पंपाची बिलं असतील तर तीही. गाडी शक्यतो आदल्या संध्याकाळी आणून लावा. हवा, थर्मोस्टॅट आणि थंड इंजिनाचं स्कॅनिंग सकाळी शटर उघडल्याबरोबर करावं लागतं, दुपारी उन्हातून तापून आलेल्या गाडीत ते नीट कळत नाही. तपासणीनंतर काम करायचं की नाही ते फोनवर विचारूनच पुढे जातो, आणि काढलेला पार्ट डिकीत ठेवलेला असतो. सीएनजी गाडीला डिकी नाही, त्यांनी तो काउंटरवर मागून घ्यावा.