संगणक 'कृषी' कसं म्हणतो?

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात एक जुना संगणक आहे. त्यावर लिनक्स (विंडोजसारखीच, संगणक चालवणारी प्रणाली) आहे आणि ऑर्का नावाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम. काचबिंदूनं नजर गेलेले एक आबाजी रोज सकाळी येतात, खुर्ची ओढून बसतात आणि बातम्या, बाजारभाव ऐकतात. एकदा अपडेटनंतर संगणक सुरू केला, तर 'कृषी उत्पन्न बाजार समिती'चं 'क्रिशी' झालं. पुढे कापसाचा भाव आला, 7,100. तो चक्क 'सेव्हन थाउजंड वन हंड्रेड' असा ऐकू आला.

आबाजींनी मान तिरपी केली. "मास्तर, अक्षरं हिंदीत आन् आकडे इंग्रजीत? हे कायले असं बोलून रायलं गा?"

निम्मं निदान त्यांच्या त्या प्रश्नातच होतं. लिनक्सवर बोलण्याचं काम बहुधा ईस्पीक-एनजी करतं. जोनाथन डडिंग्टन यांनी 1995 मध्ये एकॉर्नच्या संगणकांसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमपासून ते वाढत आलं. 2015 मध्ये त्याची नवी शाखा निघाली, ती एनजी. त्याला इंग्रजी आवाज लावलेला असेल आणि मजकुरात देवनागरी आली, तर ते देवनागरी हिंदीच्या नियमांनी वाचतं. लिपी एकच, त्यामुळे ती मराठी आहे हे त्याला नुसत्या अक्षरांवरून कळत नाही. साधे अंक मात्र इंग्रजीतच राहतात. अपडेटमध्ये ऑर्काचा आवाज परत इंग्रजीवर गेला होता, बस. आकडेही 'एक सौ' असे आले असते, तर हिंदी आवाज लागलाय असं मी धरलं असतं.

म्हणून मी तपासणीसाठी तीन गोष्टी पाठच करून ठेवल्यात: कृषी, ज्ञान आणि 25 हा आकडा (अक्षरांत नव्हे, अंकांत लिहिलेला). हिंदी आवाज 'क्रिशी', 'ग्यान', 'पच्चीस' म्हणणार. मराठी आवाजात 'क्रुशी', 'द्न्यान' आणि पंचवीस ऐकू यायला हवं. यंत्र कोणत्या भाषेच्या नियमांवर चाललंय, ते दहा सेकंदांत कळतं.

आवाजच येत नसेल तर मामला वेगळा. ऑर्का स्वतः बोलत नाही. तो मजकूर स्पीच डिस्पॅचर नावाच्या मधल्या प्रोग्रॅमकडे देतो, डिस्पॅचर ईस्पीकला देतो, ईस्पीक ध्वनीच्या लहरी तयार करतं आणि त्या ध्वनियंत्रणेतून स्पीकरपर्यंत जातात. शेताला पाणी पोचलं नाही की आपण मोटरीपासून पाइप तपासत जातो, तसंच इथं करायचं, फक्त उलट्या टोकाकडून. आधी साधी ध्वनिफीत वाजते का पाहा. ती वाजली तर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, ईस्पीकला थेट वाक्य द्या (डॅश व्ही आणि एमआर लिहिलं की मराठी आवाज). तेही बोललं तर एसपीडी-से या आज्ञेनं डिस्पॅचरमार्फत बोलवा. ज्या पायरीवर आवाज तुटतो, बिघाड तिथंच. लोक थेट सगळं पुन्हा इन्स्टॉल करायला घेतात, त्यात दिवस जातो आणि सेटिंगही पुसल्या जातात.

कधी आवाज ठणठणीत असतो, पण वाचन निव्वळ बडबड असतं. मजकूर जुन्या फॉन्टात टाइप केलेला असला की हे होतं. पडद्यावर मराठी दिसते, पण आत साठवलेली असतात ती इंग्रजी अक्षरं, फॉन्ट त्यांना मराठी वळणाचं रूप देतो एवढंच. यंत्राला रूप दिसत नाही. असा मजकूर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, बदलून घ्यावा लागतो. युनिकोडमध्येही एक खाच आहे. आपल्या 'पऱ्हाटी'तला अर्धा ऱ दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. एक नीट वाचला गेला आणि दुसरा अडखळला, तर आधी तिकडं पाहावं.

आता मराठी आवाज लागला, मजकूरही शुद्ध आहे, तरी खरी कसोटी पुढेच असते, आणि मला सगळ्यात जास्त गोडी याच भागाची आहे. आपण 'सरकी' लिहितो आणि 'सर्की' म्हणतो, 'यवतमाळ' लिहितो आणि 'यवत्माळ' म्हणतो. कोणता 'अ' गिळायचा ते आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं, यंत्राला मात्र प्रत्येक नियम लिहून द्यावा लागतो. 'झालं'वरचा अनुस्वार म्हणजे नुसता लांबवलेला 'अ', 'झालम्' नव्हे, हेही सांगावं लागतं. 'च' आणि 'ज' तर फारच अवघड. पुढे 'इ' आली की ते तालव्य होतात, म्हणजे जीभ टाळूला लावून उच्चारले जातात, म्हणून 'माझा' आणि 'माझी' यांतला 'झ' वेगळा. एवढं नियमात बसतं. पण हे वाक्य घ्या: 'चार गुरं चार.' पहिला 'च' चहातला, दुसरा चाऱ्यातला. लिहिण्यात काडीचाही फरक नाही. अर्थ कळल्याशिवाय उच्चार ठरत नाही, आणि ईस्पीकला अर्थ कळत नाही.

त्याचा आवाज कोरडा वाटतो, कारण स्वरांमागं माणसाचं रेकॉर्डिंग नाही. घशाच्या आणि तोंडाच्या पोकळीत जे कंप घुमतात ते गणितानं तयार केलेले असतात. 'आ'साठी साधारण 700 आणि 1,200 हर्ट्झ, 'ई'साठी 300 आणि 2,300 च्या आसपास. म्हणूनच सगळा प्रोग्रॅम काही एमबीत मावतो, जुन्या यंत्रावर, इंटरनेटशिवाय चालतो, आणि वेग दुप्पट केला तरी शब्द फाटत नाहीत. आबाजी त्याच वेगानं ऐकतात, मला तेवढ्या वेगात निम्मंच कळतं.

चुकणाऱ्या शब्दांचं औषध आहे. डॅश एक्स लावलं की ईस्पीक कोणते ध्वनी काढणार ते पडद्यावर लिहून दाखवतं. तिथं चूक दिसली की मराठीच्या जादा शब्दांच्या फाइलीत तो शब्द आणि त्याचे बरोबर ध्वनी लिहायचे आणि शब्दकोश पुन्हा कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राला वाचता येईल अशा रूपात बदलून घ्यायचा. आमची फाइल आबाजींच्या कानावर वाढते. त्यांनी थांब म्हटलं की मी शब्द वहीत उतरवतो. 'जवळ'पाशी त्यांनी एकदा थांबवलं होतं. आपण तर 'जवय' म्हणतो, असं त्यांचं म्हणणं. बदलू का विचारलं, तर जरा वेळानं म्हणाले, "राहू दे. पेपरात तसंच लिवलेलं अशीन."

काल वहीत 'ढेप' आणि 'वखर' आले.